खांदा कोनाचा

मैनाबाई : दाबू नको वं, जीव जाईन माहा!

निशिगंधा : दाबून नाई राह्यली, आत्याबाई. नुसतं पाहून राह्यली. खांद्याची गोलाई गेली तुमची, इथं खड्डा पडला. गोठ्यात पडल्या तवा हात टेकला होता काय?

मैनाबाई : शेणावरून पाय सरकला, अन् साराच भार या हातावर आला. तेल गरम कर. चोळलं का बसन जागेवर.

निशिगंधा : थांबा. हे बोट धरलं म्या. समजते?

मैनाबाई : कोनतं बोट? … मुंग्याच मुंग्या येऊन राह्यल्या. हात नाई, लाकूड झालं वं माय.

निशिगंधा : मंग तेल नाई अन् चोळनं तर बिलकुल नाई. आजच दवाखाना.

मैनाबाई : तू डाक्टरीन व्हय काय?

निशिगंधा : गेल्या साली बैलबंडीवरून पडली, तवा असाच खड्डा पडला होता मले. तुमीच तेल-मीठ चोळलं. बोटं बधिर झाली म्हनलं, तं तुमी म्हने, कापसाचं बोंड कमरेएवढ्या उंचीवर, हात डोक्यावर न्याचं कामच काय?

मैनाबाई : वेचनीचे दिवस होते. बाया भेटत नव्हत्या.

निशिगंधा : व्हय. एका हातानं वेचला म्या. अन् तुमी शेजारच्या धुरपताबाईले सांगत होत्या, आमची सून नवरीवानी हात झाकून चालते. दोघी हासल्या होत्या.

मैनाबाई : आता उगाळत बसशीन काय सारं? गोपालले फोन लाव. हात जोडले असते तुले, पन एकच उचलते.

निशिगंधा : लावला. आवाज मोठा केला, आयका.

गोपाल : काय हाय? कापूस घेऊन जिनिंगवर लाईनीत उभा हाव मी.

निशिगंधा : अहो, खांदा निखळला. दवाखान्यात न्या लागते, आत्ताच—

गोपाल : झालं सुरू! वेचनी आली का निखळलाच तुहा. आई बरोबर म्हनते, तुले खांदा नाई, बहाना हाय. तेल लाव अन् वावरात जाय. तुह्यापायी लाईन सोडू काय मी?

निशिगंधा : माहा नाई. आत्याबाईचा.

गोपाल : काय? … आईचा? अवं, मंग अदुगर सांगाचं ना! हालवू नको तिले. बाबारावची गाडी घेऊन येतो, सीधं यवतमाळले नेऊ, मोठ्या डाक्टरकडं. माय रडून राह्यली काय?

निशिगंधा : नाई. आयकून राह्यली.

(निशिगंधा फोन ठेवते आणि दोरीवरची ओढणी काढते.)

मैनाबाई : मुद्दाम नाव नाई घेतलं तू.

निशिगंधा : नाव घ्याले त्यायनं जागा कुठी देल्ली? … मान खाली करा. ओढनीनं हात गळ्यात बांधून देऊ. माहा हात वर येत नाई, गाठ दातानं वढा लागन.

मैनाबाई : तो तुले असाच बोलते?

निशिगंधा : तुमच्यासमोरच तं बोलते. आज आयकलं तुमी.

मैनाबाई : … तू बी चाल गाडीत. तुहाही दाखवू डाक्टरले.

निशिगंधा : दाखवला म्या. माहेरी गेलती तवा, पुसदले.

मैनाबाई : सांगतलं नाई घरी?

निशिगंधा : कोनाले सांगाव?

मैनाबाई : काय म्हनला डाक्टर?

निशिगंधा : म्हनला, लई उशीर झाला, आता पुरा वर जानार नाई. आपल्या लेकीची, खुशीची वेनी मले घालता येनार नाई, एवढं समजलं. मंग विचारलं त्यानं, पह्यल्याच दिवशी काहून नाई आनलं तुमाले कोनी?

मैनाबाई : मंग? काय सांगतलं तू?

निशिगंधा : सांगतलं, घरी कोनी नव्हतं.