शून्य घालून बघा

मंडळाचे अध्यक्ष आदरणीय नंदकुमारजी, व्यासपीठावरचे विंग कमांडर हर्षवर्धनसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती सुलोचनाताई आणि चंदीगड-मोहालीतल्या माझ्या सर्व मराठी बंधुभगिनींनो, नमस्कार.

मला दोन मिनिटं दिली आहेत. साहेबांची बदली झाली, म्हणून ताईही निघाल्या; सहाला दोघांची गाडी. माझं सगळं लक्ष त्या घड्याळाकडे आहे. पण आज बोललो नाही, तर कधी बोलणार?

चार वर्षं दर रविवारी ताईंनी याच हॉलमध्ये, याच सतरंजीवर आपल्या मुलांना गणित शिकवलं. त्यांचा हट्ट एकच. उत्तर आलं की एक संख्या घालून बघायची, मगच लिहायचं.

माझी अबोली अकरावीत. असमानतेचं गणित होतं: उणे तीन एक्स हे बारापेक्षा लहान किंवा बाराएवढं. मी घरी शिकवलं, उणे तीनने भाग आणि चिन्ह तसंच ठेव. म्हणजे एक्स उणे चार किंवा त्याहून लहान. ताईंनी फुली मारली. आणि मी, आयटी पार्कातला मोठा टीम लीड, इथे सगळ्या पालकांसमोर भांडलो! काय काय बोललो, आठवलं की आजही कान तापतात. ताई एवढंच म्हणाल्या, "शंकरराव, शून्य घालून बघा." मी अबोलीचा हात धरून तरातरा निघालो.

पार्किंगमध्ये शून्य घातलं. उणे तीन गुणिले शून्य, शून्य. बारापेक्षा लहानच की! म्हणजे शून्य उत्तरात हवं. माझ्या उत्तरात होतं का? नव्हतं. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, हे मी साफ विसरलो होतो. एक्स उणे चार किंवा त्याहून मोठा, असं लिहायचं; आणि संख्यारेषेवर उणे चारचा गोल भरून टाकायचा, कारण उणे चारही उत्तरात येतो.

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पन्नास पावलं फक्त. नाही फिरलो. सात महिने पोरीला इकडे पाठवलं नाही, वर तिला सांगितलं, ताईंचंच चुकलंय. तिने वही उघडून बघितली असणार. माझ्याशी गणिताचं बोलणंच तिने सोडलं. काल निरोपाला चल म्हटलं, तर म्हणाली, "पापा, पहले आप सबके सामने सच बोलो. तभी मैम से मिलूँगी." आली आहे ती. दाराशी उभी आहे, पायात चपला तशाच.

ताई, चूक माझी होती. अबोलीची नव्हती, तुमची तर नव्हतीच. भांडलो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो.

अध्यक्षांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. दोनाची चार मिनिटं झाली, काही वेडंवाकडं बोललो असेन, तेही सांभाळून घ्या. आणखी बोलणार होतो, पण थांबतो. अबोलीने चपला काढल्या आहेत.