टाळ्यांचा रुमाल

नाट्यस्पर्धेत पहिला नंबर आला असता, तर जीवराम सर साक्रीत मास्तरऐवजी नाटककार म्हणून मिरवले असते. म्हणूनच त्यांनी दहावीचा अख्खा वर्ग आपलं नाटक दाखवायला धुळ्याला नेला होता. गावातल्याच बेबाबाईला हे कळलं बसच्या रांगेत. सर तिच्या पुढेच होते आणि एका मुलीच्या आईनं, झुंबरबाईनं, त्यांना तिथंच गाठलं.

“सर, मन्ही पोरले वर्गना बाहेर काबर काढं?”

“शिस्त मोडली तिनं, अक्का. मी रुमाल वर केला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं ठरलं होतं. परीक्षक मागेच बसले होते.”

“मंग बाकीनास्नी वाजाड्यात ना?”

“वाजवल्या ना! बाप मरतो त्या प्रवेशात कडाडून वाजवल्या. परीक्षक हसायलाच लागले.”

“अरे देवा! तठे रुमाल काबर वर करा?”

“डोळे पुसायला. वाक्यं माझीच, पण मलाच रडू आलं.”

“आन् मन्ही पोर?”

“ती टाळ्या सोडून हुंदके देत बसली. सगळ्या वर्गात एकटी!”

“म्हंजे नाटक तिलेच समजनं.”

“समजायला नव्हतं नेलं, टाळ्यांना नेलं होतं.”

“परीक्षा जवळ उनी सर, तिले वर्गात बसू द्या.”

“बसू दे की. आधी माफी मागू दे.”

“कसानी माफी?”

“नाटक चालू असताना रडल्याची.”

“रडनात तं तुम्हीबी.”

“मी लेखक आहे, अक्का. आणि बाकीच्यांनी सांगितलं तेच केलं. माफी तिनं एकटीनंच मागायची.”