वाटेवरचे चार ओंडके

हासियत : नफा तेवढा मोजू, सोबिरजान. जीप थेट तुझ्या अक्रोडांखाली उभी राहणार. गाढवांवर पोती लादायची कटकट गेली. सगळ्यांच्या आधी तुझा माल जलालाबादच्या बाजारात. आणि एवढ्या सगळ्याला गेलं काय? माझ्या वाटेवरचे चार ओंडके.

सोबिरजान : वहिनी, पडलेलं लाकूड होतं ते. मशीनची करवत हातात होतीच, म्हटलं झाडोरा काढतोय तर तेही काढू. रान साफ केलं तर शिव्या?

हासियत : पडलेलं लाकूड वाटेल तसं पडतं. हे चारही आडवे, एकाच तिरकस रोखाने, दरीकडे उतरते. खालच्या अंगाला दगड ठोकलेले. वाऱ्याने ठोकले का रे दगड?

सोबिरजान : करवत चालू असली की कोण बघतं एवढं.

हासियत : तुझ्या भावाबरोबर तूच खांद्यावरून वाहून आणले होतेस. पाणी वाटेवरून धावू नये, बाजूला दरीत उतरावं म्हणून. खांदा सोलवटला म्हणून आठवडाभर कण्हत होतास. आता भाऊ मातीत, तुला आठवत नाही.

सोबिरजान : जीपवाला म्हणाला, ओंडक्यांवर चाक चढत नाही.

हासियत : हां, आत्ता खरं बोललास. आणि परवा पाऊस आला. वरच्या वळणावर जाऊन बघ. वाट नाही राहिली, ओढा झालाय, कमरेइतका खोल. अक्रोड गळायला लागतील, मी पोती कुठून उतरवू? तुझ्या जीपच्या टपावरून?

सोबिरजान : दुपारपर्यंत नवे ओंडके कापून देतो, झालं?

हासियत : कापणं तेवढं येतं तुला. चर कोण खणणार? भर कोण घालणार? करवत चर खणते का?

सोबिरजान : हळू बोला. मामासोली-अका वर येतोय.

(वनरक्षक मामासोली धापा टाकत पोचतो. मोडलेली वाट दिसली की याच्या मिशीला धार येते, असं गाव म्हणतं.)

मामासोली : झऱ्यापासून वळणापर्यंतचा टप्पा कुणाचा, आपा?

हासियत : माझा. तुम्हाला ठाऊक आहे.

मामासोली : विचारावं लागतं. वेचणीच्या तोंडावर ज्याच्या राखणीचा टप्पा मोडला, त्याला वनखात्याने नेमून दिलेली झाडं दुसऱ्या घराला. पाणी अडवणारे ओंडके कुठे गेले?

सोबिरजान : पावसाने नेले, अका.

मामासोली : पावसाला दात आले म्हणायचे. मातीत राहिलेली टोकं बघ, लोण्यासारखी कापलीत.

हासियत : याने कापले. जीप चढावी म्हणून. याची जीभ जड झालीय, म्हणून मी सांगते.

मामासोली : कुणी कापले ते तुमचं तुम्ही बघा. मला टप्पा कुणाचा तेवढं बघायचं. शुक्रवारच्या नमाजानंतर परत येतो. तोवर वाट धड असली, तर आज मला काही दिसलं नाही.

हासियत : दोन दिवसांत? मी आणि दोन पोरी?

मामासोली : हशर घाला. सगळा गाव कुदळी घेऊन येईल.

हासियत : येईल ना. आणि ज्याचं काम, त्याने गावाला जेवू घालायचं.

मामासोली : रीत आहे ती, मी नाही केली. सोबिरजान, जीप खालीच थांबेल. यंदाही आणि पुढेही. निघतो.

सोबिरजान : वहिनी, हशरची मेंढी माझ्याकडून. चांगली चरबीची देतो. फक्त ओंडके पावसात वाहून गेले, एवढंच म्हणा. गावात तोंड दाखवायचंय मला.

हासियत : म्हणजे मेंढीच्या बदल्यात माझी जीभ.

सोबिरजान : तसं नाही.

हासियत : तसंच आहे. राहू दे तुझी मेंढी. टप्पा माझा, कढई माझ्या चुलीवर चढेल. हिवाळ्यासाठी राखलेली एकच आहे, ती कापते.

सोबिरजान : मग मी काय करू?

हासियत : कुदळ घेऊन ये, सगळ्यांसारखा. नंतर जेवायला म्हाताऱ्यांच्या शेजारी, मानाच्या जागी बस. कुणी विचारलं ओंडके कुणी कापले, तर मी पुलाव वाढता वाढता सांगेन. मेंढी माझी, तांदूळ माझे, घाम गावाचा. तुला काही द्यायचं नाही. फक्त सगळ्यांसमोर जेवायचं.