दोघांचे मिळून वीस किलो

…आणि वर मलाच विचारते, 'अहो, आजची काकडी गोड होती ना?' आता तुम्हीच सांगा, काकडीला गोड म्हणायची पाळी ज्याच्यावर आली, त्या माणसानं बोलायचं काय? सरका जरा, दोन मिनिटं बाकावर टेकतो, दम लागलाय. बागेच्या तीन फेऱ्या झाल्यात, अजून दोन राहिल्यात, आणि त्या का राहिल्यात तेही सांगतो, सगळं सांगतो. पण आधी एक ध्यानात घ्या, तक्रार नाहीये माझी, नुसतं सांगतोय.

सुरुवात झाली हिच्या गुडघ्यापासून. गुडघा हिचा, मी आपला फाइल धरायला बरोबर गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, एवढ्याशा, फुंकर मारली तर उडतील, पण आवाज असा की रांगेतल्यांचा खोकला थांबतो. हिला काट्यावर उभं केलं, ब्याऐंशी. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'तुम्हीपण चढा.' मी म्हटलं, बाई, दुखतोय हिचा गुडघा. 'चढा.' चढलो. शहाण्णव. आणि बाईंनी काय केलं माहितीये, दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बेरीज मांडली, एकशे अठ्ठ्याहत्तर. अहो, नवराबायकोच्या वजनाची बेरीज कोण करतं? लिफ्टवाला करतो फार तर. म्हणाल्या, 'दोघांचे मिळून वीस किलो घालवायचे. एकट्यानं होत नाही, जोडीनं होतं.' झालं, हिनं ते वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं.

घरी आल्या आल्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. वर मोठ्या अक्षरात वीस. दर सोमवारी सकाळी दोघांनी काट्यावर उभं राहायचं आणि कमी झालेलं कागदावर मांडायचं, तुझं किती माझं किती असा हिशोब नाही, सगळं सामाईक. वीस पुरे होईपर्यंत साखर, लोणी, बिस्किटं, वेफर्स आणि बटाटा या पाच जणांना घराबाहेर काढलं. बटाट्याचं मला फार वाईट वाटलं. बाकीच्यांचं समजू शकतो, पण बटाटा बिचारा कुणाच्या अध्यातमध्यात नसतो.

आता इथं तुम्हाला माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. बावीस वर्षं. किराणावाले, भाजीवाले, सोनार, लाकडाच्या वखारी, सगळ्यांचे काटे मी तपासतो. माझी पितळी वजनांची पेटी उघडली की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मी दुकानाच्या पायरीवरून ओळखतो. पाच ग्रॅमचा फरक सोडलेला नाही कधी, सख्ख्या मेव्हण्याचं दुकान होतं तरी सोडला नाही, तो अजून माझ्याशी बोलत नाही. तेव्हा न्हाणीघरातला घरचा काटा मी पहिल्याच दिवशी तपासला आणि त्यावर चिठ्ठी डकवली, 'तपासले, बरोबर आहे', खाली सही, तारीख. ही ती चिठ्ठी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. 'आमच्याकडे काट्याला सुद्धा साहेबांची सही आहे हो.' इतका विश्वास. इतका विश्वास माणसानं माणसावर ठेवू नये, पण ते जाऊ दे.

पहिले दोन महिने असे गेले की विचारू नका. सकाळी फेऱ्या, संध्याकाळी जिने, दुपारी डब्यात उकडलेला कोबी. कचेरीत डबा उघडला की शेजारचे खिडकी उघडायचे. माझे सात गेले, हिचे सहा गेले, कागदावर तेरा झाले. आणि तेरावर जे गाडं अडलं ते अडलंच. एक सोमवार तेरा. दुसरा सोमवार तेरा. कोबी तोच, जिने तेच, आकडा तोच. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, 'असं होतं, शरीर जरा विचार करतं.' अहो, विचार करायचा तर पोट भरून करावा ना! तक्रार नाहीये माझी, नुसतं सांगतोय.

सहाव्या सोमवारी ही काट्यावरून उतरली आणि काही बोलली नाही. चोवीस वर्षांच्या संसारात ही काही बोलली नाही असं तोवर घडलेलं नव्हतं. पेन्सिल उचलली, तेरा लिहिलं, पेन्सिल ठेवली आणि स्टुलावर बसून आपल्या गुडघ्याकडे बघत राहिली. मला कसंतरीच झालं. आणि ही आंघोळीचं पाणी काढायला वळली तेवढ्यात मी… म्हणजे काट्याच्या पोटाशी एक छोटं चाक असतं, शून्य जुळवायचं… ते मी केसभर फिरवलं. अर्धा किलो. तेवढाच. तिला बरं वाटावं म्हणून. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. बरं, खरं सांगू? निम्मं तिला बरं वाटावं म्हणून, निम्मं बटाट्यासाठी.

पुढच्या सोमवारी दोघांचे मिळून एक किलो कमी. ही पोरीसारखी हसली. आता ते हसू बघितल्यावर थांबता येतं का? सात वेळा फिरवलं चाक. ज्या माणसानं मेव्हण्याला पाच ग्रॅमसाठी सोडलं नाही, त्यानं सात आठवडे न्हाणीघरात ओणवं होऊन साडेतीन किलो मारले. हिच्या वाटचे साडेतीन, माझ्या वाटचे साडेतीन, तेरा आणि सात वीस. कागद भरला. त्या दिवशी घरात बटाटा आला. भाजलेला, वर लोण्याचा चमचा. पहिला घास घेतला आणि तुम्हाला सांगतो, ताटली बाजूला सरकवली. समोर ही आरशापुढं एका अंगानं उभी राहून पोट बघत होती आणि म्हणत होती, 'कपडे अजून घट्टच का होतात हो? धुऊन आटले असतील.' मी म्हटलं, आटले असतील.

इथवर निभावलं असतं. पण हिला काय सुचलं, ही डॉक्टरीणबाईंना आकडा दाखवायला एकटीच दवाखान्यात गेली. तिथं काट्यावर उभी राहिली तर शहात्तर. घरी साडेबहात्तर, तिथं शहात्तर. तुम्ही आम्ही असतो तर काय म्हणालो असतो, घरचा काटा बिघडला. ही म्हणाली, 'बाई, तुमचा काटा खोटा आहे.' अख्खी रांग ऐकतेय. बाई म्हणाल्या, 'तीस वर्षं वापरतेय.' ही म्हणाली, 'म्हणूनच. आमच्या घरच्या काट्यावर निरीक्षकाची सही आहे. माझा नवरा पाच ग्रॅमसाठी सख्ख्या भावाला सोडत नाही, माझ्या भावाला, कळलं?' आणि तिथून उठली ती तडक आमच्या कचेरीत. रीतसर लेखी तक्रार. सदर दवाखान्यातील काटा रुग्णांचे वजन साडेतीन किलो जास्त दाखवतो. खाली सही. आवकजावक वहीत नोंद करून शिक्का मारून घेतला, पोच घेतली.

दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. कागद पुढं सरकवला, हसू दाबत म्हणाले, 'तुमच्याच भागातला दवाखाना आहे.' मी म्हटलं, साहेब, तक्रारदार माझी बायको आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. 'दुसऱ्याला पाठवतो आणि त्यानं काटा बरोबर ठरवला तर तुमच्या घरी जे होईल ते मी निस्तरू? तुम्हीच जा.' माझी भूक त्या दिवशी गेली ती खऱ्या अर्थानं गेली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

गेलो. वीस वीस किलोची चार लोखंडी वजनं घेऊन गेलो. दवाखाना तुडुंब, पेशंटनी खुर्च्या काट्याकडे वळवून घेतलेल्या. एका बाजूला डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून, दुसऱ्या बाजूला ही, पर्स पोटाशी धरून, मान अशी ताठ. आणि माझ्या डोक्यात दोनच वाटा. काटा खोटा म्हणावं, तर तीस वर्षं इमानानं काम करणाऱ्या म्हातारीच्या दारावर उद्या नोटीस लागणार. खरा म्हणावं, तर ज्या बाईनं भर रांगेत माझ्या नावावर भांडण घेतलं तिला त्याच रांगेत तोंडघशी पाडायचं. वीस ठेवले, वीस. चाळीस ठेवले, चाळीस. साठ, साठ. ही म्हणाली, 'अजून ठेवा.' ऐंशी ठेवले. सुई ऐंशीवर जाऊन उभी राहिली, हलली नाही.

मी म्हटलं, काटा बरोबर आहे. आवाज माझा, पण कुठून आला कोण जाणे. ही म्हणाली, 'मग घरचा?' मी म्हटलं, घरच्याचं चाक मी फिरवलं.

कुणी खोकलं नाही. बाईंनी चष्मा काढला. हिनं हळूच विचारलं, 'एकदम साडेतीन?' म्हटलं, नाही, अर्धा अर्धा. सात वेळा. 'सात वेळा खाली वाकलात?' म्हटलं, हो. 'गुडघ्याला हात न टेकता?' म्हटलं, हो. 'आणि मला वाटत होतं व्यायामाचा उपयोग होत नाहीये,' असं म्हणाली आणि दवाखान्याबाहेर पडली. रांगेतला एक म्हातारा मला म्हणाला, 'बसा, पाणी प्या.'

चार दिवस अबोला. कोबी पुढ्यात यायचा, पण मुकाट्यानं यायचा. बटाटा पुन्हा घराबाहेर, कागदावरचे वीस खोडून तेरा. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच बोलली, 'बटाट्यासाठी केलंत की माझ्यासाठी?' मी म्हटलं, निम्मं निम्मं. 'निम्मं तरी खरं बोललात,' म्हणाली. घरचा काटा आता शेजारणीच्या माळ्यावर आहे, चिठ्ठीसकट. दर सोमवारी वजन दवाखान्यात, रांगेसमोर. आणि मला आकडा बघायला बंदी. मी काट्यावर चढायचं, नजर समोरच्या भिंतीवर, आकडा ही वाचणार. बावीस वर्षं लोकांचे काटे वाचले, स्वतःचं वजन वाचायचा अधिकार गेला. तक्रार नाहीये माझी, नुसतं सांगतोय.

पण या सोमवारचं ऐका. माझं एकोणनव्वदवरच अडून बसलेलं, तीन आठवडे हललं नव्हतं. चढलो, भिंतीकडे बघतोय, पण सवयीचा डोळा तो, कोपऱ्यातून दिसतंच. सुई साडेअठ्ठ्याऐंशीवर. स्वच्छ साडेअठ्ठ्याऐंशी. आणि ही खड्या आवाजात वाचते, 'अठ्ठ्याऐंशी.' मी हिच्याकडे बघितलं तर ही माझ्याकडे बघत नव्हती, पर्सची चेन लावत होती, उगाच, लावलेलीच होती ती. डॉक्टरीणबाई सुईकडे बघतायत, मग हिच्याकडे, मग माझ्याकडे, आणि कागदावर लिहितायत, अठ्ठ्याऐंशी. रांगेनं टाळ्या वाजवल्या.

अर्धा किलो. पाचशे ग्रॅम. मला काय भरून आलं म्हणून सांगू तुम्हाला, खाली उतरताना पायरी दिसेना. तरी एक शब्द बोललो नाही. पण आता पंचाईत बघा, तिनं चार लोकांत अठ्ठ्याऐंशी सांगितलेत, म्हणजे पुढच्या सोमवारच्या आत ते अठ्ठ्याऐंशी करून ठेवणं आलं… चला, उठतो. या वाढीव दोन फेऱ्या आहेत ना, त्या तिच्या अर्ध्या किलोच्या आहेत.