सूचीतला इंजिनिअर

जळगाव-धुळे एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मुलगी लतासाठी स्थळ शोधणाऱ्या भिकुबाई आणि त्यांचा भाचा लीलाधर बसले होते. भिकुबाईंच्या हातातली वधू-वर मेळाव्याची सूची त्यानंच संगणकावर काढली होती.

"लीलाधर, हाऊ इंजिनिअर पोऱ्या कोना शे?"

"कोणाचाच नाही, मावशी. डेटाबेस तयार नव्हता, म्हणून रिपोर्टला थेट जावा प्रोग्राममधली ऑब्जेक्ट्स, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली माणसं दिली. हा नमुन्यापुरता मीच बनवला. उंची, पगार सगळं मनानं भरलं. नंतर काढायचा राहिला."

"म्हंजे असा पोऱ्या जगात नही?"

"नाही ना! तरी त्यालाच अकरा स्थळं आली. त्याच सूचीत मी खराखुरा, मला एकही नाही."

"त्याले माय शे का?"

"मावशी, त्याला कुठली आई?"

"बहीण?"

"तीही नाही."

"मंग आपली लताले हाऊच पोऱ्या ठरव!"