हातसामानातलं वावर

विषय : विमानात जीपीएस यंत्र सोबत नेण्याबाबत. संदर्भ : माझा मेहुणा नामदेव, राहणार आसेगाव.

झालं असं, की शेजाऱ्यानं नामदेवच्या वावराचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दोन हात आत सरकवला. नामदेवनं हातात मावणारं जीपीएस यंत्र विकत घेतलं, वावराचे चारी कोपरे त्यात नोंदवले आणि नकाशा काढून घ्यायला बेंगळुरूला मुलाकडे निघाला. सोबत मी.

नागपूर विमानतळावर तपासणीच्या जवानानं यंत्र पिशवीतून बाहेर काढलं. "काका, हे काय?"

"माहं वावर हाय. चारी कोपरे हायेत त्याच्यात."

जवान शेतकऱ्याचाच मुलगा निघाला. म्हणाला, "न्या खुशाल. पण याच्यात तीन-चार मीटरचा फरक येतो बरं का."

नामदेवनं यंत्र पिशवीत टाकलं. विमानात पट्टा बांधताना म्हणाला, "भाऊजी, तुमी जनमभर मोजणीच्या कचेरीत होते. तुमाले हे ठावं होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, तर तू सरकारी मोजणीचा अर्ज केला असता. त्याचं काय होतं, तेही मला ठाऊक होतं."

परत आल्यावर त्यानं मंगरूळपीरला, तालुक्याच्या कचेरीत, मोजणीचा अर्ज केला. अर्ज प्रलंबित आहे.