वरून लावाची पट्टी

आमी मूळचे कामरगावचे पिंजारी. बाप गावोगाव फिरून कापूस पिंजाचा, मंग मशीन आली न ते बंद पडलं. लग्न होऊन मी कारंज्याले आली, इथं आमचं गाद्या-रजयाचं दुकान, हे कापूस भराचे न मी टाके घालाची. अन् काय सांगू तुमाले, हे इतले बोलके का गिऱ्हाईक गादी घ्याले याचं न चहा पिऊन दोन तास बसाचं. मले राग याचा. आता वाटते, बोलू द्याचं होतं.

मंग जबड्याचा कॅन्सर झाला. खर्रा, तंबाखू-सुपारीचा, दुसरं काय, शंभर खेपा सांगतलं, पन ऐकते कोन. नागपूरले ऑपरेशन झालं, मशीनीचे शेक, रेडिएशन म्हनतात ते, देल्ले, शेवटी डॉक्टर म्हनले आता नुसतं दुखनं कमी ठेवाचं, अन् मॉर्फिनच्या गोळ्या देल्ल्या. चार-चार तासानं एक, आपल्या मनानं वाढवू नोका, दुसरं काही द्याचं तं पयले आमाले फोन करा. मी घड्याळ पाहून देत होती. पन दुखनं वाढलंच. इतला बोलका मानूस, भिंतीकडं तोंड करून पडून राहे.

समोर सुशीलाकाकू राह्यतात, जैन, किरान्याचं दुकान हाय त्यायचं. त्यायचे मालक याच दुखन्यानं वारले होते, त्यायले मोठ्या डॉक्टरनं दुखन्याची पट्टी देल्ली होती, अंगाले चिपकवाची, तीन दिवस चाले. काही उरल्या होत्या. काकू म्हनल्या, शमीम, फेकू कायले, आमच्यात औषधाचं दान मोठं मानतात, तुह्या मानसाले आराम पडन. आता तुमीच सांगा, मी काय समजाव? कंबर धरली का आपन लावतो तशी पट्टी, वरून लावाची, पोटात थोडी जाते. डॉक्टरले फोन कराचं डोक्यातच नाही आलं. आंघोळ घालून पाठीवर लावली, न गोळ्या तं चालूच होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवनाच्या टायमाले झोपले. इतल्या दिवसानं झोपले म्हनून मले असा आनंद झाला, पोरीले म्हनलं टीव्ही बंद कर, बापाले उठवू नोको. घोरत होते, वेगळंच घोरनं, थांबून थांबून. मी बाजूलेच रजई शिवत बसली होती. हाव, बाजूलेच. गोळीची येळ झाली तवा हात लावला, तं ओठ निळे.

दवाखान्यात नेलं, उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरीनबाईनं पाठीवरची पट्टी पाह्यली, म्हनली हे कोनं लावली? मी म्हनलं मीनं. तिनं सांगतलं, बाई, गोळीतलं न पट्टीतलं औषध एकाच जातीचं, पट्टीचं कातड्यातून रक्तात जाते, दोन्ही मिळून श्वास मंद करतात. अशी झोप दिसली का झोपू नाही द्याचं, लगेच दवाखान्यात आनाचं. रागावली नाही. रागावली असती तं बरं होतं.

काकूले मी काहीच सांगतलं नाही. त्या रोज येत न म्हनत, शांत झोपेत गेला बिचारा, एवढं तरी पुन्य लागलं मले. मी मान हलवाची. सहा महिने हलवली.

मंग एक दिवस काकू दोन पट्ट्या घेऊन आल्या. मांगच्या गल्लीतल्या बाईले कॅन्सर हाय, गोळ्या चालू हायेत तरी तडफडते, तूच लावून दे, तुले येते. मह्या हातातली सुई थांबली. म्हनलं, काकू, याच पट्टीनं न गोळ्यायनं मिळून त्यायचा श्वास बंद पडला.

त्या खाली बसल्या. म्हनल्या, इतले दिवस सांगतलं काहून नाही? मी म्हनलं, तुमी दान देल्लं होतं न. त्या रडल्या नाही. उठल्या, मले घेऊन त्या बाईच्या घरी गेल्या, तिच्या सुनेले दारातच म्हनल्या, मह्या पट्टीनं हिचा मानूस गेला, कोनी असं काही आनून देल्लं तं डॉक्टरले विचारल्याबिगर लावू नोको. मी म्हनलं, लावली तं मीनं. त्या म्हनल्या, देल्ली तं मीनं न.

पट्ट्या दवाखान्यात नेऊन देल्ल्या. काकू आताबी येतात, पन पुन्याचं नाव काढत नाही, नुसत्या बसतात, मी टाके घालते. अल्ला काकूले सुखाची झोप देवो. मले नाही आली तं चालते.